दुर्बीण घ्यावी तर कोणती?

बी. ए. भाग २

ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जाते, तिथल्या प्रत्येक रुपयाला चार वाटा असतात: पेरणी, फी, आजीचे औषध आणि दुकानदाराची उधारी. शिष्यवृत्तीतून वाचवलेल्या चार हजारांना मी आकाशाची पाचवी वाट दाखवली, तेव्हा बाबा एवढेच म्हणाले, "घे, पन पारखून घेजो."

अमरावतीच्या दुकानात तिपाईवरची दुर्बीण होती. खोक्यावर छापले होते, ‘६७५ पट मोठे!’ भिंगाचा व्यास मात्र ६० मिलिमीटर. ग्रंथालयातल्या पुस्तकाने सावध केले होते: भिंगाचे जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे चित्र मोठे होते, पण धूसर. म्हणजे १२० पट ही शिकस्त. शिवाय तिपाई बोट लागताच थरथरे, आणि ती थरथरही तितक्याच पटींनी वाढते!

शेजारी १०×५० ची द्विनेत्री होती. १० म्हणजे दहा पट. ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. त्या मानाने हे भिंग सुमारे पन्नासपट प्रकाश गोळा करते. शनीची कडी हिच्यातून दिसत नाहीत, त्यासाठी तिपाईवरचीच हवी. पण गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र, हात भिंतीला टेकवले की, दिसतात. कृत्तिकांचा पुंजका तर एका नजरेत मावतो. मी द्विनेत्री घेतली.

दुसरे भांडवल अंधाराचे. विदर्भातल्याच पेंच व्याघ्रप्रकल्पाला त्याच्या काळोख्या आकाशासाठी जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. अकोला जिल्ह्यातल्या आमच्या खळ्यावर, वीज गेली की, काळोख फुकट मिळतो.

आजी सप्तर्षींना ‘बुढीचं खाटलं’ म्हणते. मागचे तीन तारे म्हणजे ते पळवणारे चोर. मधल्या चोराला बिलगलेली अरुंधती तिला लग्नात दाखवली होती; आता ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी द्विनेत्री तिच्या डोळ्यांना लावली. बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, "हाये वं माय, अजून तिथंच हाये."

तुरीच्या दिवसांत बाबा त्याच द्विनेत्रीने वावरात रोही शिरले का ते पाहतात. पाचव्या वाटेचा पैसा असा पहिल्या वाटेलाही लागला.

मित्रमैत्रिणींनो, आधी नुसत्या डोळ्यांनी चार नक्षत्रे ओळखा, मग द्विनेत्री घ्या. तिपाईवरची दुर्बीण त्यानंतर. आणि सूर्याकडे यातले काहीही चुकूनसुद्धा रोखू नका.