खळ्यावरचा दाणा

आमच्या घरात ज्वारी पेरून आली नाही. मागून आली. नांदगाव पेठच्या खळ्यावर आजा दूर उभा राहायचा. रास मोजून झाली की तळचा, मातीत मिसळलेला दाणा त्याच्या पदरात पडायचा. त्याला म्हणे हक्क म्हणायचे. हक्क असा वाकून घेतात काय? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली अन् बाबानं महारकी टाकली. खळंही सुटलं.

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आली. अमेरिकेची. भाकर थापता थापता तुटायची. माय म्हणे, "खाय बापा, हे तरी कोनाच्या खळ्यावरचं नाही." आज वाटतं, होतं. खळं फक्त दूर होतं.

म्हणून आता न्हाणीमागं, दोन खाटा मावतील एवढ्या जागेत, मी देशी ज्वारी लावतो. आजूबाजूला सोयाबीन अन् कपाशी. शेजारचं पोरगं इचारते, "काका, शोभेचं झाड हाय काय?" हाय ना लेका. पुरुषभर उंच धांडा, वर भरलं कणीस. आमच्या अंगणाला दुसरी शोभा कायले पाहिजे?

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की दोन बोटं खोल बी टाकायचं. पावसानं दडी मारली तर ज्वारी पानं गुंडाळते, वाढ थांबवते, वाट पाहते. पाऊस आला की पुन्हा उठते. मरत नाही. एक ध्यानात ठेवा : कोवळ्या, सुकल्या रोपाला बकरीचं तोंड लागू देऊ नका. त्यात विष असतं.

संकरित ज्वारी १९६४ पासून आली, सीएसएच-१ पहिली. दाणा जास्त, पण तिचं बी दरवर्षी विकत. देशी ज्वारीचं फूल बहुतेक आपल्याच परागावर दाणा भरतं, म्हणून घरचं बी तसंच्या तसं उगवतं. मी मधल्या ताटांची चांगली कणसं निवडतो, राखेत ठेवतो. कोणाच्या दारात जात नाही.

पण खोटं कशाला बोलू? साठ धांड्यांचे तीन किलो दाणे झाले. पाच माणसांच्या घराला दोन दिवसही पुरत नाहीत. अंगणात भाकर होत नाही, बी होतं. भाकरीला जमीन लागते. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वात भूमिहीनांनी तुरुंग भरले, ते याच जमिनीसाठी. तो सवाल अजून उभाच आहे.

मित्रांनो, मोर्च्याहून येता येता माझ्या घरी या. मूठभर बी देतो. किंमत नाही. पुढच्या वर्षी दोघांना द्या, एवढंच. बी हातात असलं की माणूस जमीन मागताना वाकत नाही.