चार हजार किलोमीटर

मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून तीस वर्षं काढल्यामुळे आमच्या नात्यागोत्यात जुनी गाडी माझ्याशिवाय घेतली जात नाही. मारुती, सँट्रो, एकदा तर ट्रॅक्टरसुद्धा. त्यामुळे पुतण्या म्हणाला, "काका, रविवारी हातोदला गाडी बघायला यायचंय," तेव्हा मी टॉर्च खिशात टाकून तयार झालो. गाडी कोणती, ते रस्त्यात कळलं. ॲस्टन मार्टिन डीबी 11. 2018 ची, चाललेली फक्त 4,100 किलोमीटर. मागणी एक कोटी साठ लाख.

पैसे कुठले, तेही सांगतो. हातोदची आमची जमीन गेल्या वर्षी विकली. इंदूर विमानतळापलीकडे सरकत चाललंय, तसे भाव चढले. दादा दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांचा वाटा वहिनी आणि पुतण्याकडे आला. त्यातला मोठा भाग या गाडीत जाणार होता. वहिनींनी मला फोनवर एवढंच म्हटलं होतं, "भाऊजी, तुम्ही एकदा बघा." याचा अर्थ मी 'नाही म्हणा' असा घेतला होता.

गांधीनगरला पोहे-जिलेबी खाताना पुतण्या म्हणाला, "काका, इंदूरला अशा गाड्या नवीन नाहीत. यशवंतराव महाराजांची ड्यूसेनबर्ग आठवा." खरं आहे. 1930 च्या दशकातली ती गाडी. सांगाडा अमेरिकेचा, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली, रंग नारिंगी आणि काळा. मी म्हटलं, "अरे, पण त्यांच्या माणिकबागेत आज कस्टम आणि जीएसटीवाले बसतात. तुझी ही गाडी आली तेव्हा नुसतं आयातशुल्कच शंभर टक्के होतं. तो भार पहिल्या मालकाने सोसलाय, म्हणून तुला स्वस्त वाटतेय."

फार्महाउस हातोदच्या पुढे, सोयाबीनच्या शेतांना लागून. शेडमध्ये कापडाखाली गाडी. कापड काढलं आणि मीसुद्धा क्षणभर गप्प झालो. काय देखणी वस्तू! पुढे कलंडणारं अखंड बॉनेट, त्याखाली बारा सिलिंडर, 5.2 लिटर, सहाशे हॉर्सपॉवर. या जातीच्या गाडीला ग्रँड टूरर म्हणतात. म्हणजे दोन माणसांनी सामान टाकून निघावं आणि न थकता दिवसभरात दोन-तीन देश ओलांडावेत. ही मात्र सात वर्षांत इंदूर-मुंबईच्या जेमतेम साडेतीन फेऱ्यांइतकी चालली होती.

मग मी माझ्या कामाला लागलो. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. चारही टायर 2018 चे, नक्षी नव्यासारखी, पण कडेला बारीक चिरा. रबर उभ्याउभ्यासुद्धा म्हातारं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. इथे सर्व्हिसची शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची. बॅटरी मेलेली. टॉर्च आत घातला तर वायरिंगशेजारी उंदराच्या लेंड्या. शेताजवळच्या शेडमध्ये दुसरं काय होणार! रीडिंग मात्र खरं असावं. पेडलचं रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची कड कोरी होती, तिथे लबाडी करणं अवघड असतं.

मालक सज्जन होते. म्हणाले, "भिया, खराब होऊ नये म्हणून चालवलीच नाही."

परतताना मी पुतण्याला सांगितलं, टायर, तेलं, सील, वायरिंग धरून वर मोठा खर्च आहे आणि तो कुठे थांबेल ते बॉनेट उघडून सांगता येत नाही. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, बाबांची फियाट आठवते?"

आठवते तर! दादांनी पै-पै जमवून घेतलेली. दसऱ्याला झेंडूचा हार, मग पुन्हा ताडपत्री. शेवटी इंजिन जाम होऊन भंगारवाल्याकडे गेली.

"त्यांनी काहीच वापरलं नाही," तो म्हणाला. "नवा शर्टसुद्धा कपाटात तसाच होता."

यावर सर्व्हेअरकडे उत्तर नसतं. मी फक्त म्हटलं, "आज बयाणा देऊ नकोस." त्याने दिला नाही.

रात्री वहिनींचा फोन. मी टायरपासून उंदरांपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागे बसायला जागा आहे का हो?"

"सीट आहे, वहिनी. पण तिथे तुमची पर्स मावेल, तुम्ही नाही."

त्या हसल्या. "फियाटमध्ये चांगली ऐसपैस जागा होती. मी चारदा बसले असेन." मग थोडं थांबून, "किंमत उतरवून घ्या. पण त्याला विचारा, कापड घालून ठेवणार असेल तर मला नको आहे ती दारात."

सकाळी मी विचारायच्या आत पुतण्याचाच फोन आला. चार टायरचा भाव काय पडेल, म्हणत होता.