गंजका पत्रा आणि पिवळा खडू : एका स्टूडबेकरचा इतिहास

१/ इतिहास कागदावर असतो, शिलालेखांत असतो, नाण्यांवर असतो. तो मोटारीच्या पत्र्यावरही असतो. शिकागोत राहत असताना गेल्या वर्षी मी १९६३ची स्टूडबेकर लार्क विकत घेतली. तिला पहिल्या दिवसापासून कुणी नव्याने रंगवलेले नव्हते. किंमत साडेतीन हजार डॉलर. ती का घेतली आणि तिचे काय करायचे ठरवले, हे सांगण्यासाठी आजचा हा धागा.

२/ आधी पूर्वपीठिका. १८५२ साली हेन्री आणि क्लेमंट स्टूडबेकर या बंधूंनी इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे लोहारकामाची भट्टी पेटवली. त्यांचा भाऊ जॉन तेव्हा कॅलिफोर्नियात सोने शोधणाऱ्यांना एकचाकी हातगाड्या बनवून विकू लागला. १८५८ मध्ये तो आठ हजार डॉलर गाठीशी बांधून परतला आणि त्या भांडवलावर कारखाना वाढला. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने त्यांच्या गाड्या वापरल्या. १९०२ मध्ये विजेवर आणि १९०४ मध्ये पेट्रोलवर चालणारी मोटार आली. घोडागाडीच्या युगातून मोटारीच्या युगात सुखरूप पोहोचलेले असे कारखाने विरळाच.

३/ ९ डिसेंबर १९६३ रोजी कंपनीने साउथ बेंडमधील मोटारनिर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात तेथील शेवटची मोटार बाहेर पडली. पुढे कॅनडातील हॅमिल्टन येथे मार्च १९६६ पर्यंत काम चालले आणि मग तेही संपले.

४/ खरी गोष्ट येथून सुरू होते. कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा निधी अपुरा होता. निवृत्त झालेले आणि साठी गाठलेले सुमारे ३,६०० जण यांना पूर्ण वेतन मिळाले. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या, दहा वर्षांहून अधिक सेवा झालेल्या सुमारे ४,००० जणांना हक्काच्या रकमेपैकी जेमतेम १५ टक्के मिळाले. उरलेल्या सुमारे २,९०० जणांच्या हाती काहीच पडले नाही. या प्रकरणाचा दाखला पुढे वर्षानुवर्षे दिला गेला. २ सप्टेंबर १९७४ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी निवृत्तिवेतनाला संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली, त्यामागे साउथ बेंडचे हे दुखणे होते.

५/ आता माझी लार्क. दाराच्या खांबावरील पट्टीवरचा अनुक्रमांक मी साउथ बेंडच्या स्टूडबेकर राष्ट्रीय संग्रहालयाला कळवला. तेथे कारखान्याचे मूळ उत्पादन-आदेश जपून ठेवले आहेत. शुल्क भरल्यावर प्रत आली : मूळ रंग, आसनांचे कापड, इंजिनाचा क्रमांक, आणि तारीख मार्च १९६३ची. इंजिनावरचा क्रमांक कागदाशी तंतोतंत जुळला.

६/ मागचे आसन उचलले, तेव्हा खालच्या पत्र्यावर पिवळ्या खडूची ठळक खूण दिसली. कारखान्यात काम पुढे सरकवताना कुणीतरी घाईत ओढलेली. नऊ महिन्यांनी त्या हाताचे काम गेले. तो हात एकसष्ट वर्षांचा असेल तर त्याचे म्हातारपण निभावले. अठ्ठावन्न वर्षांचा असेल तर शंभर डॉलरमागे पंधरा डॉलर.

७/ रंगकाम करणाऱ्या कारागिराचा सल्ला सरळ होता : सगळा रंग खरवडू, पत्रा उघडा करू, नवी झळाळी देऊ. त्यात ती खूणही जाणार होती. आपल्याकडे चुन्यात बांधलेल्या बुरुजाला सिमेंटचा गिलावा चढवला की काय होते, हे गडांवर हिंडणाऱ्यांना सांगायला नको. बुरुज उभा दिसतो, पण त्याची साक्ष पुसली जाते.

८/ तरीही पूजा करण्यासाठी मोटार घेतलेली नाही. ती रस्त्यावर धावली पाहिजे. म्हणून ब्रेकच्या नळ्या, टायर, पेट्रोलची टाकी आणि वायरिंग नवे घातले. तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने चालकाच्या पायाखालचा पत्रा खाल्ला होता. तेवढाच तुकडा कापून वेल्डिंगने ठिगळ लावले आणि खालच्या बाजूस वर्ष कोरले, म्हणजे उद्या कुणी त्याला मूळचा समजणार नाही. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवला. फिकट रंग, विटलेले कापड आणि खडूची खूण यांना हात लावलेला नाही.

९/ मित्रहो, आजोबांची सायकल असो वा माळ्यावरची शिवणयंत्रे, जुनी वस्तू हाती आली की आधी छायाचित्रे काढा, क्रमांक उतरवून घ्या, कागदांशी ताडून पाहा. पाना आणि पॉलिशपेपर त्यानंतर. रंग पुढच्या वर्षीही देता येईल. खरवडलेली खूण मात्र कोणत्याच दुकानात मिळत नाही.