जुनी काच पारखून घ्या

भगिनींनो, आमचं चारठाणं जुन्या देवळांचं गाव. कोरीव दगडाचं मोल इथं शेंबड्या पोरालाही कळतं. घरातली जुनी काच मात्र आपण भंगारवाल्याला देऊन टाकतो.

ही काच आपल्याच माणसांनी घडवली असेल. लोकांनी पैसा-पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली तळेगाव दाभाडे इथं निघाला. कराडजवळच्या ओगल्यांच्या काचकामाचा प्रभाकर कंदील तर घरोघर पोचला.

आमच्या घरी हातभर उंचीची हिरवी काचेची फुलदाणी आहे. सासूबाईंनी जुन्या सामानातून पारखून घेतलेली. फुलं नसतील तेव्हा तिच्यात ज्वारीची कणसं शोभतात.

तुम्हीही अशी फुलदाणी घेणार असाल, तर आधी उजेडात धरा. साच्यातल्या काचेवर बहुधा उभी शिवण दिसते. फुंकून केलेल्या काचेच्या बुडाला पुष्कळदा सळईचा खरखरीत वण असतो. बुडावर वापराचे बारीक ओरखडे हवेत. मात्र नुसत्या बुडबुड्यांवरून जुनी समजू नका. नव्या काचेतही ते असतात. काठावरून बोट हलकेच फिरवा. टिचकीला बद्द आवाज आला, तर तडा शोधा. घरी आणल्यावर रात्रभर पाणी भरून ठेवा. जुन्या जड काचेत शिसं असू शकतं, म्हणून तिच्यात लोणचं किंवा सरबत ठेवू नका.

आणि बायांनो, घरातली असेल तर आधी तीच धुऊन-पुसून मांडा. आपलीच वस्तू उद्या बाजारातून दामदुपटीनं का आणायची?