अडखळणे आधीच सांगावे
तोतरेपणा लपवण्यात बोलण्यापेक्षा जास्त शक्ती जाते. अडणारा शब्द टाळायचा, फोन उचलायचा नाही. स्वतःचे नाव मात्र बदलता येत नाही, म्हणून अनेकांची जीभ नेमकी तिथेच अडते. मुलाखतीत सुरुवातीलाच ‘मी अडखळत बोलतो, थोडा वेळ लागेल’ एवढे सांगितले की हा ताण बराच उतरतो. माफी मागू नये. त्यात गुन्हा काहीच नाही. बहुतेक जण मान डोलावतात. काही जण ‘सावकाश बोल’ म्हणतात किंवा वाक्य स्वतःच पुरे करतात. हेतू चांगला असला तरी दडपण वाढते. ‘मला पूर्ण करू द्या’ असे सरळ सांगावे. कोणी हसलेच, तरी बोलणे सोडू नये. प्रौढांपैकी सुमारे १ टक्का माणसे अडखळत बोलतात. ऐकणाऱ्याने नजर न वळवता शब्द येईपर्यंत थांबावे.