दोरू नदीकाठचा द्राक्षारस आणि आपली जीभ

पोर्तुगालच्या उत्तर भागात दोरू नदीच्या मुखाशी पोर्तो हे शहर वसले आहे. पैलतीरावर व्हिला नोव्हा द गाया हे दुसरे गाव असून १८८६ साली बांधलेला दुमजली लोखंडी पूल ह्या दोहोंना जोडतो. गायाच्या उतारावर तांबड्या कौलांची लांबच लांब छपरे एकीला एक लागून दिसतात. त्या वखारी होत. त्यांच्या आत, अंधारात व गारव्यात, पोर्ट नावाचा द्राक्षारस वर्षानुवर्षे लाकडी पिंपांत मुरत पडलेला असतो. आपला ‘पिंप’ हा शब्द पोर्तुगीज ‘पीपा’वरूनच आला, दोरूकाठी तर पीपा हे मापाचेच नाव आहे, ५५० लिटरांचे.

गोव्यात गोड तांबड्या द्राक्षारसाला सरसकट पोर्ट म्हणण्याचा प्रघात आहे. खरा पोर्ट पिकतो तो मात्र पोर्तोतही नव्हे. त्यासाठी आगगाडीने सुमारे अडीच तास आत जावे लागते. प्रवासाच्या उत्तरार्धात गाडी नदीच्या अगदी काठाने धावते व पिन्यांव नावाच्या लहानशा स्टेशनावर थांबते. स्टेशनाच्या भिंतींवर निळ्या फरशांत द्राक्षांच्या सुगीची चित्रे आहेत. मान वर करावी, तो नदीपासून शिखरापर्यंत डोंगराला पायऱ्या पाडलेल्या दिसतात. ह्या डोंगरात माती अशी थोडीच. पाटीच्या दगडासारखा पापुद्रे सुटणारा खडक फोडून, त्याचेच बांध रचून वेली लावलेल्या आहेत. १७५६ साली पोंबालच्या मार्किसाने ह्या मुलखाची हद्द आखून पुढे तीवर दगडी खांब रोवले. जेझुइटांना देशोधडीला लावणाऱ्या ह्या मंत्र्याविषयी आपले मत काहीही असो, भेसळीला आळा घालण्याचे त्याचे हे काम टिकले.

सप्टेंबरात सुगी येते. काही मळ्यांत अजूनही द्राक्षे दगडी हौदांत टाकून माणसे खांद्याला खांदा लावून ती पायांनी तुडवतात. ह्यात जुनाटपणाचा हट्ट नाही : पायाखाली साल फुटते, पण बी फुटत नाही, म्हणून बियांतील कडूपणा रसात उतरत नाही. रस दोन-तीन दिवस आंबला, की गोडी पुरती सरण्यापूर्वीच त्यात द्राक्षांपासूनच काढलेला कडक मद्यार्क घालतात, साधारण चार भाग रसास एक भाग. त्याने आंबणे थांबते व उरलेली साखर रसातच राहते. पोर्टच्या गोडीचे व जहालपणाचे सारे रहस्य एवढेच. साध्या द्राक्षारसात मद्यार्क शेकडा १२ ते १४ असतो, पोर्टमध्ये सुमारे २०. दारूने बसलेली घरे पाहिलेल्या माणसाने हा आकडा सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये. पोर्टचा प्याला लहान असतो तो ह्याचसाठी.

पूर्वी ही पिंपे ‘राबेलो’ नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून खाली गायाला येत. नदीवर धरणे झाली, रस्ते झाले, आणि होड्यांचे काम संपले. आता २४ जूनला, म्हणजे आपल्या सांजांवाच्याच दिवशी, त्यांची शर्यत लागते.

गायाच्या वखारीत पाहुण्यांना चव पाहावयास देतात. मी गेलो तेव्हा आमच्या तुकडीला वखारीतील तरुणीने विचारले, “काय लागले?” दहा-बारा माणसे, बहुतेक शिकलेली, पण सारी गप्प! कोणी भिंतीकडे पाही, कोणी प्याल्यात. आपण चुकीचे बोललो तर आपले अडाणीपण उघडे पडेल, हे भय स्पष्ट दिसत होते. द्राक्षारसाभोवती भारदस्त शब्दांचे जे कुंपण घातले गेले आहे, त्याचा हा परिणाम. ‘उमदा’, ‘खानदानी’ असे शब्द ऐकून ऐकणाऱ्याला चव कळत नाही. बोलणाऱ्याचा दिमाख तेवढा कळतो. शेवटी एक वृद्ध बाई हळूच म्हणाल्या, “मनुका. आणि करपलेली साखर.” त्यावर ती तरुणी म्हणाली, “अगदी बरोबर.”

ह्या विषयाच्या पंडितांनाही ही गोष्ट पटलेली आहे. १९८४ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठाच्या अ‍ॅन नोबल ह्या विदुषीने द्राक्षारसाच्या वासांचे एक चक्र प्रसिद्ध केले. त्यात स्तुतीचे शब्द नाहीत. फळे, फुले, मसाले, लाकूड, माती अशा ओळखीच्या वस्तूंची नावे आहेत. त्यांतील पुष्कळ फळे आपल्या गावांनी पाहिलेली नाहीत, पण आपल्या घरांतही शब्दांची वाण नाही. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तो तुरटपणा. तांबड्या द्राक्षारसात तो सालीतून येतो. चिंचेने तोंडाला पाणी सुटते, तो आंबटपणा. घशाखाली उतरताना लागते ती धग मद्यार्काची. रस तोंडात ताकासारखा पातळ लागतो की सायीच्या दुधासारखा दाट, हे कोणासही सांगता येईल. आणि घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळली हे मोजावयाचे, तर एक ‘नमो मारिया’ म्हणून होईपर्यंत टिकली की अर्ध्यावरच विरली, एवढे पाहावे. काना गावच्या लग्नातील भोजनकारभाऱ्याने तर एकच विशेषण वापरले होते, ‘चांगला’.

गायाला मी दोन प्रकार चाखले. ‘रूबी’ मोठ्या टाक्यांत ठेवतात, तेथे त्याला हवा कमी लागते. म्हणून रंग गडद तांबडा राहतो, आणि चव पिकल्या करवंदांची व जांभळांची, वर थोडी मिऱ्याची चुणचुण. ‘टॉनी’ लहान पिंपांत वर्षानुवर्षे राहतो. लाकडातून झिरपणाऱ्या हवेने त्याचा तांबडा रंग उतरून विटकरी-पिंगट होतो, आणि वास येतो सुक्या अंजिरांचा, भाजलेल्या बदामांचा, काकवीचा. बाटलीवर १० वर्षे, २० वर्षे असे लिहिलेले असते. मला २० वर्षांचा अधिक आवडला. त्याची गोडी पुढे पुढे करीत नव्हती. शेजारच्या गृहस्थांना मात्र तांबडाच पसंत पडला, आणि त्यांनी त्याचीच एक बाटली घेतली.