चाळीस शुक्रवार

आपटलेला शेअर खरोखर स्वस्त आहे की नुसताच आपटलेला आहे, हे ओळखायची जी काही रीत मला येते ती पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची आहे. ते बाबांचे ऑफिसातले स्नेही. आम्ही त्यांना काका म्हणायचो. शेअर बाजाराशी त्यांचा धंद्याचा संबंध कधी आला नाही, कुणाला टिप देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. नोकरीची बरीच वर्षं पर्जन्यमानाच्या नोंदी सांभाळण्यात गेली होती आणि आकड्यांचा रकाना समोर आला की त्याची बेरीज करून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

२००१ साली बाबा गेले. कपाटात शेअर सर्टिफिकेटांची एक जाड फाइल निघाली. सिमेंट, पोलाद, इंजिनिअरिंग, दोन-तीन नावं आम्ही कधी ऐकलेलीही नाहीत. आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत सहा हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्या सप्टेंबरात २,६०० पर्यंत उतरला होता. आई म्हणत होती, मिळेल त्या भावाला विकून टाक. ब्रोकर म्हणत होता, आता विकू नका, आणखी घ्या, ॲव्हरेज करा. दोघांच्याही बोलण्याला कारण होतं ते एवढंच की भाव पडलेत.

काका फाइल घेऊन बसले, एकेक सर्टिफिकेट पाहिलं आणि म्हणाले, "विकायचं की ठेवायचं ते मी सांगणार नाही. पण आधी आपण मांडून तर बघू." दुसऱ्या दिवशी ते लांब रकान्यांची वही आणि आलेख कागदाचा गठ्ठा घेऊन आले. जुने भाव कुठून काढायचे हा प्रश्न होता. काकांकडे रद्दीत न गेलेल्या वर्तमानपत्रांचा साठा होता, उरलेले आठवडे आम्ही ग्रंथालयात बसून उतरवून घेतले. शुक्रवारचा बंद भाव, म्हणजे शनिवारच्या अंकातला. काकू आकडे वाचून दाखवायच्या, मी लिहायची, काका बेरीज तपासायचे.

वहीत रकाने चार: तारीख, बंद भाव, चाळीस आठवड्यांची बेरीज, सरासरी. आठवड्याला कामकाजाचे पाच दिवस धरले तर चाळीस आठवडे म्हणजे दोनशे दिवस. आज टीव्हीवर ज्याला सगळे दोनशे दिवसांचं मूव्हिंग ॲव्हरेज म्हणतात, जवळपास तेच. काका त्याला सरकती सरासरी म्हणत. दर आठवड्याला चाळीस आकडे नव्यानं मिळवायचे नाहीत. आदल्या बेरजेतून सर्वांत जुना भाव वजा करायचा, नवा मिळवायचा, चाळिसानं भागायचं.

ही कृती हातानं करताना एक गोष्ट दिसते, जी पडद्यावरच्या तयार रेषेत दिसत नाही. एका सिमेंट कंपनीचा भाव त्या आठवड्यात दोन रुपयांनी वाढून ६४ झाला होता. मला बरं वाटलं. पण बेरजेतून बाहेर पडणारा जुना शुक्रवार ११२ चा होता. बेरीज ४८ नं घटली, सरासरी एक रुपया वीस पैशांनी खाली आली. "भाव वाढला आणि सरासरी उतरली, असं कसं?" मी विचारलं. काकांनी वही माझ्याकडे सरकवली. "तूच बघ कसं ते." थोडा वेळ लागला. या आठवड्याचा भाव चाळीस आठवड्यांपूर्वीच्या भावाला ओलांडतो तेव्हाच सरासरी वर वळते, एरवी नाही. आठवड्याच्या तेजीमंदीला तिथं काही किंमत नाही. त्या संध्याकाळी मला जे कळलं ते पुढं वाचलेल्या कुठल्याही पुस्तकानं इतक्या स्वच्छपणे सांगितलं नाही.

दुसरी सरासरी दोनशे आठवड्यांची, म्हणजे जवळजवळ चार वर्षांची. ती फार संथ हलते. चार वर्षांत बहुतेक धंद्यांचा एक चांगला आणि एक वाईट काळ येऊन जातो, त्यामुळे लोकांनी बरे-वाईट दोन्ही दिवस धरून या कंपनीला साधारण काय भाव दिला ते तिच्यातून दिसतं. काका आधी बघायचे की आजचा भाव या रेषेच्या किती टक्के खाली आहे. मग बघायचे की रेषा स्वतः कुठं तोंड करून आहे. लोक पहिल्या प्रश्नावरच थांबतात. चाळीस टक्के खाली, म्हणजे चाळीस टक्के स्वस्त. काकांना हे मुळीच मान्य नव्हतं. रेषा उतरत असेल तर भाव जागचा न हलताही ते अंतर मिटतं, कारण भाव वर जाण्याऐवजी सरासरीच खाली येऊन त्याला भेटते. ज्याला आपण सवलत समजत होतो ती कुणी दिलेलीच नसते.

हे सगळं त्यांनी आणलं होतं पावसाच्या नोंदींमधून. वर्षावर्षाचा पाऊस खालीवर होतो, सरकती सरासरी काढली की कल दिसतो, हे त्यांच्या रोजच्या कामातलं. पण जिथून रीत आणली तिथला भरवसा मात्र त्यांनी सोबत आणला नाही, आणि मला त्यांची थोरवी यातच वाटते. ते म्हणाले होते, "पावसाला सरासरी माहीत नसते, तरी तो तिच्याकडे परत येतो. कारण समुद्र तोच आहे, सह्याद्री तोच आहे. कंपनीचं तसं नाही गं. तिथं सह्याद्रीच जागचा हलू शकतो." म्हणून भाव सरासरीच्या फार खाली गेला की त्यांच्या दृष्टीनं ती विचारायची वेळ. उत्तर ताळेबंदात. कर्ज किती, नफ्यातून व्याज भागतं का, धंद्यातून रोख पैसा येतो की नफा नुसता कागदावर आहे.

बाबांच्या फाइलीतले काही शेअर आम्ही याच हिशेबानं ठेवले, काही तोट्यात विकले. ठेवलेल्यांच्या सरासऱ्या २००३ मध्ये एकेक करून वळल्या. त्या पैशांतून आईची पुढची वर्षं निवांत गेली. यापेक्षा जास्त तपशील त्यात नाही. पण त्या रीतीची खरी परीक्षा मला दिसली ती पुढं, सुझलॉनच्या निमित्तानं.

सुझलॉन पुण्याची कंपनी, साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांमुळे घरोघरी माहीत झालेली. २००५ च्या ऑक्टोबरात ५१० रुपयांना शेअर बाजारात आला. एकाचे पाच झाल्यानंतरच्या हिशेबानं २००८ च्या जानेवारीत भाव साडेचारशेच्या वर होता. मग जगभरची मंदी आली, अमेरिकेत पात्यांना तडे गेल्याच्या बातम्या आल्या, आणि जर्मनीतली रीपॉवर घेताना काढलेलं कर्ज डोक्यावर होतं. २००९ च्या उन्हाळ्यात सगळ्या बाजाराबरोबर तोही उसळला. आमच्या सोसायटीत त्याचीच चर्चा असे. आपल्या पुण्याचा शेअर, अर्ध्याहूनही कमी किमतीत.

शेअर बाजारात येऊन दोनशे आठवडे पुरे व्हायलाच त्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला. मी वही घेऊन काकांकडे गेले. सरासरी दोनशेच्या घरात, भाव शंभराच्या आसपास. म्हणजे जवळपास निम्मा. काकांनी वही मिटून वार्षिक अहवाल मागितला आणि कर्जाच्या पानावर बोट ठेवलं. "ही दोनशेची सरासरी ज्या कंपनीची, तिच्यावर एवढं कर्ज होतं का?" नव्हतं. निम्म्या कालखंडातली कंपनी वेगळी होती, आणि तिच्या भावाची मोजपट्टी आम्ही आजच्या कंपनीला लावत होतो. आम्ही शेअर घेतला नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात परकी चलनातल्या परिवर्तनीय रोख्यांची परतफेड कंपनीला जमली नाही, आणि २०१३ मध्ये भाव दहा रुपयांच्याही खाली गेला. वाटेत प्रत्येक पायरीवर तो आपल्या सरासरीच्या पुष्कळ खाली होता. प्रत्येक पायरीवर कुणीतरी ॲव्हरेज करत होतं.

२०१४ च्या पावसाळ्यात काका गेले. सुझलॉनचं पान मी चालू ठेवलं, त्यांची सवय म्हणून म्हणा. २०२० च्या मार्चमध्ये भाव दोन रुपयांच्या आत होता. त्याच वर्षी बँकांनी कर्जाची फेररचना केली, आणि २०२१ उजाडलं तेव्हा चाळीस आठवड्यांची रेषा वर वळलेली होती. तरी कर्जाचं पान मनासारखं नव्हतं, म्हणून मी थांबले. २०२२ च्या ऑक्टोबरात भागधारकांना पाच रुपयांनी हक्काचे शेअर देऊन बाराशे कोटी उभे केले गेले, पुढच्या ऑगस्टमध्ये मोठ्या संस्थांकडून आणखी दोन हजार कोटी आले, आणि कर्ज फिटलं. भाव वीसच्या आसपास, दोन्ही सरासऱ्यांच्या वर. तळाच्या दसपट. पण दोन रुपयांना जे विकत मिळत होतं त्यात बुडण्याची मोठी शक्यता मिसळलेली होती. वीस रुपयांना ती पुष्कळ कमी झाली होती. तळ हुकला याचं मला दुःख नाही. काकांनाही झालं नसतं.

घेण्याआधी मी काकूंकडे गेले. त्या ऐंशीच्या पुढच्या, चष्मा जाड, पण आकडे वाचायचा आवाज तसाच खणखणीत. मी उत्साहानं सांगत होते की साडेचारशेचा शेअर आज विसाला आहे, शंभरातले शहाण्णव रुपये गेलेले आहेत, वर जायला केवढी जागा आहे. काकूंनी विचारलं, "तेव्हा एकूण शेअर किती होते?"

मी पाहिलं नव्हतं. तिथंच बसून काढलं. २००८ साली सुमारे दीडशे कोटी. २०२३ साली साडेतेराशे कोटींच्या वर. कर्जाच्या बदल्यात, भांडवलासाठी, वेळोवेळी नवे शेअर निघत गेले होते. साडेचारशे गुणिले दीडशे कोटी म्हणजे सदुसष्ट-अडुसष्ट हजार कोटी. वीस गुणिले साडेतेराशे कोटी म्हणजे सत्तावीस हजार कोटी. शेअर शहाण्णव टक्के पडलेला होता, कंपनीची किंमत मात्र साठ टक्केच उतरली होती. भावाचा आलेख, आणि त्यावर काढलेली कितीही लांब पल्ल्याची सरासरी, ही गोष्ट दाखवतच नाही. स्प्लिट किंवा बोनस झाला की जुने आकडे आम्ही नेमानं दुरुस्त करत असू. नव्या भांडवलानं वाढलेले शेअर मात्र भावाच्या आलेखात दिसत नाहीत.

मी शेअर घेतले, पण ठरवले होते त्याच्या निम्मेच. साडेचारशेचा आकडा डोक्यातून पुसून टाकून. वर्षभरात भाव ऐंशीच्या वर गेला तेव्हा लोक म्हणत होते की अजून जुन्या उच्चांकाच्या पाव हिश्शालाही पोहोचला नाही. कंपनीची किंमत तेव्हा २००८ च्या उच्चांकाच्या कितीतरी पुढं गेलेली होती. माझ्या वहीत ते दिसत होतं, म्हणून मी थोडे विकले.

शेअरविषयी बोलताना मी इतकी वर्षं काकांचंच ऋण सांगत आले. काकू आकडे वाचतात, चहा करतात, असंच मनात धरलेलं होतं. त्या वाचता वाचता काय पाहत होत्या हे विचारायचं राहून गेलं. त्या दिवशी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी वाचत होते ना, मग सगळे रकाने माझ्या डोळ्यांखालून गेले."

वहीत आता पाचवा रकाना आहे, एकूण शेअर. वर्तमानपत्रात तो आकडा नसतो, त्यासाठी दर वेळी वार्षिक अहवाल उघडावा लागतो, आणि अहवाल उघडला की कर्जाचं पान टाळता येत नाही. काकूंना हेच हवं होतं की काय, ते मी अजून विचारलेलं नाही.